शाळेत जायचंय म्हणाली, चोरी नाही केली

शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये बसलो होतो. बिल्ड अडकलेलं, टेस्टिंगवाले गप्प, त्यामुळे चहा जरा लांबलाच. आमचा लीड एरवी दोनच विषयांवर बोलतो, रिलीज आणि बुलेट. त्या दिवशी कप खाली ठेवून एकदम म्हणाला, "अरे, लेक म्हणतेय शाळेत जायचंय. जूनपासून. नववीत."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा त्याची मुलगी दुसरीत होती. परीक्षा रद्द झाली. मग तिसरीचे ते ऑनलाइन वर्ग, "मिस माझा आवाज येतोय का"वाले. ते बघून नवरा-बायको दोघांनाही वाटलं की यापेक्षा आपण घरी बरं शिकवू. आणि खरंच बरं शिकवलं त्यांनी. पोरगी वाचते भरपूर, पायथॉन लिहिते, सह्याद्रीतले पक्षी आवाजावरून ओळखते. आता चौदा वर्षांची आहे.

तर टेबलावर लगेच तीन निकाल लागले. एकजण म्हणाला, "मी सांगत होतो, सोशलायझेशनचा प्रॉब्लेम येणार." दुसरा म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षं फुकट?" तिसऱ्याने पेपरातल्या हुशार मुलांचा दाखला दिला, "थांबव रे तिला, घरी शिकून मुलं एमआयटीत जातात." लीड कोणालाच काही बोलला नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "आमचं कुठे चुकलं तेच कळत नाहीये."

इथे माझं डोकं फिरलं. कारण हा चेहरा मी आधी पाहिलेला आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये, कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या बाबांचा.

होय मित्रहो, मीही घरशाळेचंच प्रॉडक्ट. ऑफिसात फारसं कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक माझ्याकडे प्राणिसंग्रहालयातल्यासारखं बघतात. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात मशीन डिझाइन करायचे. त्यांनी जॉन होल्टचं 'हाऊ चिल्ड्रन फेल' वाचलं, १९६४ चं पुस्तक, आणि मग 'तोत्तोचान' वाचलं, आणि मग संपलंच. आई केमिस्ट्री शिकवायची ती नोकरी सोडून घरी बसली. मी एकही दिवस शाळेत न जाता तेरा वर्षांचा झालो. मजेत होतो, खोटं का बोलू. मंडईत हिशेब, पर्वतीवर इतिहास, गच्चीवर तारे. दशांश अपूर्णांक मी आईबरोबर किराणा आणताना शिकलो आणि आजतागायत विसरलेलो नाही.

मग मला शाळेत का जायचं होतं? हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला, पण उत्तर ऐकायला कोणी थांबलं नाही. पहिलं कारण साधं. पुण्यातल्या आमच्या घरशाळावाल्या गटात मुलं होती चौदा, त्यातली तेरा माझ्यापेक्षा लहान. मला बोलायला मोठी माणसं होती, सांभाळायला लहान मुलं होती. बरोबर बसून फालतू जोक मारायला कोणी नव्हतं. दुसरं कारण सांगायला तेव्हा शब्दही नव्हते. मला स्वतःला एकदा मोजून घ्यायचं होतं, आणि ते आई-बाबांनी न ठरवलेल्या मापाने. घरी जे काही करायचो ते "छान"च असायचं. चित्र छान, निबंध छान, मी छान. तेरा वर्षांच्या मुलाला एका टप्प्यावर संशय येतो हो, की हे लोक माझे आहेत म्हणून छान म्हणतायत का.

बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रागावून नाही. त्यांना वाटलं मी त्यांना नापास केलं. (शाळेवर विश्वास नसलेला माणूस, आणि नापास झाल्याचं दुःख मात्र अगदी शाळेतल्यासारखं!)

आता माझा मुद्दा. होमस्कूलिंगच्या वादात दोन टोळ्या आहेत. एक म्हणते शाळा म्हणजे कारखाना, दुसरी म्हणते घरी ठेवलेलं पोर माणूसघाणं होतं. दोन्हीकडे भांडणारे सगळे तिशी-चाळिशीतले. मूल ज्या दिवशी इकडून तिकडे जायचं म्हणतं, त्या दिवशी दोन्ही टोळ्या त्याला आपल्या वादातला पुरावा म्हणून वापरतात. एकीला पराभव दिसतो, दुसरीला विजय. अरे, ते पोर फक्त इयत्ता नववीत प्रवेश मागतंय! सातवीनंतर कोणी शाळा बदलली तर आपण विचारतो का, पहिली सात वर्षं फुकट गेली का म्हणून?

आणि ते एमआयटीचं. मुंबईच्या मालविका जोशीला २०१६ साली एमआयटीत प्रवेश मिळाला हे खरं. तिच्या आईने तिला शाळेतून काढून घरी शिकवलं हेही खरं. पण तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडची तीन पदकं होती, दोन रौप्य आणि एक कांस्य, आणि तरीही आपल्या आयआयटीचा दरवाजा तिला बंद होता. का? बारावीचा कागद नाही. त्याआधी २०१० साली घरीच शिकलेला दिल्लीचा सहल कौशिक चौदाव्या वर्षी आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात ३३ वा आला. दोघांबद्दल मला आदर आहे, मत्सरही आहे. पण ही उदाहरणं तोंडावर फेकून एखाद्या सामान्य हुशार मुलीला घरी बसवणं म्हणजे तेंडुलकरने कॉलेज पूर्ण केलं नाही म्हणून गल्लीतल्या पोराचं कॉलेज सोडवण्यासारखं आहे. माझ्याकडे ऑलिम्पियाड नव्हतं. माझ्याकडे गच्चीवरचे तारे होते.

बरं, आई-बापांनी मन मोठं केलं तरी पुढे शाळा आहेच. माझी कथा ऐका. जून २०११. आई आणि मी एका अनुदानित मराठी शाळेत गेलो. क्लार्कने वर न बघता विचारलं, "दाखला?" शाळा सोडल्याचा दाखला. आई म्हणाली, "हा शाळेतच गेलेला नाही, तर सोडणार कुठून?" त्याने पहिल्यांदा मान वर केली. आईकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं होतं याला?" आजारी होतो की वाया गेलेला, एवढंच त्याला ठरवायचं होतं. तिसरा रकानाच नव्हता त्याच्या डोक्यात. आम्ही रोज डेटाबेसमध्ये करतो तसं, रकाना रिकामा चालत नाही म्हटल्यावर रेकॉर्डच आत घ्यायचं नाही.

शिक्षण हक्क कायदा तेव्हा नुकताच, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला होता. आईने तो प्रिंट काढून नेला होता. चौथं कलम म्हणतं की सहा वर्षांवरचं मूल शाळेत गेलंच नसेल तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्या आणि मागे पडू नये म्हणून विशेष प्रशिक्षण द्या. पाचवं म्हणतं, दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवू नका. चौदावं म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. इतकं चांगलं कलम सरकारने लिहिलंय यावर माझा आजही विश्वास बसत नाही. पण मुख्याध्यापक मुरलेले होते. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मॅडम, हा कायदा आठवीपर्यंत. वय सहा ते चौदा. तुम्हाला नववी हवी आहे ना? मग यात तुमचं काही नाही." आणि लगेच औदार्य, "सहावीत घालू या का? बेसिक पक्कं होईल."

सहावीत! मला तेव्हा मिशी फुटत होती.

मुख्याध्यापक कायद्याने बरोबर होते, हीच तर गोम आहे. कायद्याचं छप्पर बरोबर तिथे संपतं जिथे पाऊस जोरात सुरू होतो. घरी शिकणारं मूल शाळेत जायचं म्हणतं ते केव्हा? आठ वर्षांचं असताना नाही म्हणत. तेरा-चौदाव्या वर्षी म्हणतं. कारण त्याच वयात त्याला आपल्या वयाची माणसं हवी असतात आणि त्याच वयात दहावी दिसायला लागते. नेमकं तेव्हाच त्याचा हक्क संपून मुख्याध्यापकांची मर्जी सुरू होते. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते अठरा वयाच्या शिक्षणाबद्दल बोलतं, कायदा मात्र अजून सहा ते चौदावरच आहे. धोरण भाषणात वापरायचं, कायदा खिडकीवर.

कोणी म्हणेल, शाळेत जायचंच कशाला, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्या. किंवा एनआयओएस आहे, चौदा पूर्ण झालं की माध्यमिक परीक्षा देता येते. आहेत ना रस्ते, आणि ज्यांना परीक्षाच द्यायची आहे त्यांच्यासाठी ते उत्तमच आहेत. पण त्या मुलीला परीक्षा नको आहे हो, तिला शाळा हवी आहे! बेंच, डबा, ऑफ तास. सतरा नंबरच्या फॉर्मसोबत मधली सुट्टी मिळत नाही.

अमेरिकेत असलेला आमच्या लीडचा भाऊ म्हणतो, तिकडे हे इतकं अवघड नाही. पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, आणि त्या भागात राहणाऱ्या मुलाला तिथलं पब्लिक हायस्कूल दारातून परत पाठवू शकत नाही. तिकडचं भांडण निराळं, क्रेडिट्सचं. घरी शिकलेलं बीजगणित धरायचं की नाही, अकरावीत आलेल्या मुलाला पुन्हा नववीचे विषय घ्यायला लावायचे का, हे त्या त्या डिस्ट्रिक्टवर असतं. म्हणून तिथले शहाणे पालक बदल करायचा तर नववीलाच करतात, कारण पदवीची क्रेडिट्स नववीपासून मोजली जातात. तिकडे नववी म्हणजे सोयीचं दार, आपल्याकडे बरोबर तीच भिंत. असो, अमेरिकेचं कौतुक पुरे, तिकडच्या शाळांचे स्वतःचे भोग आहेतच.

आमचं शेवटी कसं झालं? स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पाच फेऱ्या, शाळेने घेतलेली लेखी परीक्षा. गणितात पैकीच्या पैकी, मराठी उत्तम, हिंदीचा पेपर जवळजवळ कोरा, कारण हिंदी मला फक्त सिनेमातली येत होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माझं नाव जनरल रजिस्टरमध्ये चढलं. नववी क. पट ६८.

आता शाळेचे गोडवे गाईन असं वाटत असेल तर थांबा. पहिल्या दिवशी तहान लागली म्हणून मी तास चालू असताना उठलो आणि पाणी प्यायला बाहेर गेलो. परवानगी मागायची असते हे मला खरंच माहीत नव्हतं. घरी तहान लागली की माणूस पाणी पितो. परत आलो तर सर दारात उभे. "कुठे गेला होतास?" मी म्हणालो, "पाणी प्यायला, काका."

काका! सगळ्या मोठ्या माणसांना मी काकाच म्हणायचो. वर्ग फुटला. त्या दिवसापासून दहावीच्या सेंडॉफपर्यंत माझं नाव काका. आणि शाळा पुण्यातली, त्यामुळे जिन्यात मला बघितलं की पोरं "काका मला वाचवा" म्हणून किंचाळत पळायची. नारायणराव पेशव्यांना एवढा श्रोतृवर्ग शनिवारवाड्यातही मिळाला नसेल.

हाताचे हाल तर विचारू नका. तीन तास सलग पेनाने लिहिणं हा वेगळा व्यायाम आहे आणि तो मी कधी केलाच नव्हता. गणितं तोंडी सुटायची, पण "पायऱ्या कुठे आहेत?" म्हणून गुण कापले जायचे. पहिल्या चाचणीत हिंदीत वीसपैकी तीन. विज्ञानाच्या बाई प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायच्या, आम्ही ती उतरवायची आणि परीक्षेत पुन्हा ओतायची. मी एकदा "हे असं का?" विचारलं तर मागून आवाज आला, "काका, गप बस ना, पोर्शन राहील." होल्टसाहेबांनी जे लिहिलंय ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. बाबांचं निदान चुकीचं नव्हतं.

पण बाबांनी एक गोष्ट कधी पाहिली नाही, आणि घरशाळावाले अजूनही पाहत नाहीत. आमच्या त्या चौदा मुलांच्या गटातली आडनावं एका कागदावर लिहिली असती तर सदाशिव पेठेची मतदारयादी वाटली असती. माझ्या तेरा वर्षांतलं प्रत्येक माणूस आई-बाबांनी निवडलेलं होतं. प्रेमाने निवडलं होतं, पण निवडलेलं होतं. नववी क कोणीच निवडली नव्हती. माझ्या बेंचवरचा मुलगा पहाटे साडेचारला दुधाच्या पिशव्या टाकून शाळेत यायचा आणि तिसऱ्या तासाला हमखास झोपायचा. हिंदी मला त्यानेच शिकवलं, मी त्याला भूमिती. एकदा डबा खाताना मी मोठ्या ऐटीत सांगितलं की मी आठवीपर्यंत शाळेतच गेलो नाही. तो म्हणाला, "माझी ताई पण नाही जात. सातवीत सोडली." मी विचारलं, "मग ती घरी काय शिकते?" तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काही नाही. धुण्याभांड्याला जाते आईबरोबर."

तो डबा अजून आठवतो. फ्लॉवरची भाजी होती. गोष्ट एकच, मूल शाळेत जात नाही. माझ्या घरी त्याला प्रयोग म्हणायचे, त्याच्या घरी नशीब. मी परत आलो तेव्हा आई कायद्याचा प्रिंटआउट घेऊन पाच वेळा कचेरीत गेली. त्याच्या ताईला परत यायचं असतं तर कोण गेलं असतं? तिलाही क्लार्कने दाखलाच मागितला असता आणि तिलाही "सहावीत बसतेस का" विचारलं असतं, आणि ती उठून निघून गेली असती. चौदाच्या पुढे दार लावून घेणाऱ्या कायद्याचा मार खरा तिला बसतो. माझ्यासारख्यांना फक्त फेऱ्या पडतात. आमच्या शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर बुधवार पेठेत भिडेवाडा होता, जिथे १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्या शहरात, इतक्या वर्षांनी, शाळेत येऊ इच्छिणाऱ्या मुलीकडे आपण पहिला प्रश्न विचारतो, दाखला कुठाय.

म्हणून माझ्या वयाच्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले निम्मे हल्ली पोरांना घरी शिकवण्याच्या गोष्टी करता म्हणून सांगतो. शिकवा खुशाल, मी त्याच्या विरोधात नाही. पण मूल शाळेतून काढताना जेवढं वाचता त्याच्या दहावा हिस्सा तरी ते परत कसं जाईल यावर वाचा. दाखला असेल तर सांभाळा, माळ्यावर टाकू नका. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा असते, ती देऊन ठेवली तर निदान एक सरकारी शिक्क्याचा कागद हातात राहतो. हाताने लिहायची सवय असू द्या, कितीही जुनाट वाटलं तरी. आणि मुलाला दरवर्षी विचारा, शाळेत जायचंय का? असं विचारा की "हो" म्हणायला त्याला भीती वाटणार नाही. माझ्या बाबांनी मला सगळं स्वातंत्र्य दिलं, फक्त त्यांच्या प्रयोगातून बाहेर पडायचं नाही दिलं. ते मला मागून घ्यावं लागलं आणि मागताना अपराधी वाटलं. स्वातंत्र्याच्या नावाने चाललेल्या गोष्टीत हे जरा गमतीचंच आहे.

(बाबा हे वाचतात. बाबा, चौथ्या दिवशी रात्री तुम्ही माझ्या नव्या वह्यांना कव्हरं घातलीत, ते मी विसरलेलो नाही.)

आणि शाळावाल्यांनो, चौदा वर्षांच्या मुलाला अकराच्या रांगेत बसवून बेसिक पक्कं होत नसतं, त्याचा फक्त चेहरा पडतो. एक चाचणी घ्या, चार महिने जास्तीचा तास द्या. मला हिंदीत सहामाहीला चाळिशी गाठता आली ती त्या दूधवाल्या मित्रामुळे, शाळेने कोणी नेमलं नव्हतं.

असो. शुक्रवारी कँटीनमध्ये मी यातलं काहीच बोललो नाही, नेहमीप्रमाणे. संध्याकाळी पार्किंगमध्ये लीडला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो बुलेटवर बसून ऐकत होता, चावी लावली नव्हती. त्याची अडचण वेगळीच आहे, मुलीकडे दाखला आहे, पण तिसरीचा. जवळच्या शाळेने विचारलंय, तिसरीच्या दाखल्यावर नववी कशी देणार? शिवाय ती चौदा पूर्ण झालेली, म्हणजे हक्काचंही वय उलटलं.

आईने २०११ चं ते प्रतिज्ञापत्र आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाचं पत्र जपून ठेवलंय, दोन्हीच्या झेरॉक्स काढल्यात. आज दुपारी त्याच्याकडे चाललोय. पोरीने वडिलांच्या फोनवरून काल निरोप पाठवला, त्यात दोनच प्रश्न होते. वर्गात खिडकीजवळची जागा कशी मिळते, आणि ऑफ तास म्हणजे नक्की काय.